तीन गाठींचं सिलोनी लग्न

हळदीच्या हंगामात आमच्या घरात पांढरं काही टिकत नाही. हे मोंढ्यावरून, म्हणजे घाऊक बाजारातून, आले की दाराची कडी पिवळी, पाण्याचा तांब्या पिवळा, टीव्हीचा रिमोट पिवळा. लग्न होऊन हट्ट्याहून हिंगोलीला आले तेव्हा पहिले दोन उन्हाळे मी घासून घासून जीव काढला आणि मग नाद सोडला. आमच्या ह्यांची हळदीची आडत आहे. शेतकऱ्याचा माल आमच्या दुकानी येतो, बाहेरगावचे खरेदीदार तो घेतात, आणि त्यांतल्या एखाद्याला हंगामापुरत्या वरच्या दोन खोल्या राहायला द्यायच्या, ही सासऱ्यांपासूनची रीत.

त्या खोल्यांत गेली कित्येक वर्षं ईरोडचे एक शेठ उतरतात. ईरोड तमिळनाडूत आहे, तेही हळदीचंच गाव. सारा मोंढा त्यांना ‘मद्रासी शेठ’ म्हणतो. ईरोड म्हणजे मद्रास नव्हे, हे त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं, मग माझ्यासारखा त्यांनीही नाद सोडला. माणूस साठीचा, कमी बोलणारा, मराठी आमच्या बाजारात शिकलेला. खांद्यावर कायम एक पंचा. तो येताना पांढरा असतो आणि जाताना काय होतो ते सांगायला नको. आणखी एक खूण म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची करंगळी, आतल्या बाजूला वळलेली.

ती करंगळी मी कधी निरखून बघितली नव्हती. मला ती ह्यांच्या बोलण्यातून माहीत. आता हळदीचा लिलाव उघड्यावर होतो, पण ह्यांच्या तरुणपणी सौदा रुमालाखाली व्हायचा. आडत्यानं आणि खरेदीदारानं एकमेकांचा हात धरायचा, वरून रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. सौदा चालू असताना तिसऱ्यानं तिकडं बघायचंसुद्धा नाही, मान वळवायची, असा मोंढ्याचा शिरस्ता होता. हे अजून सांगतात, “डोळे बांधा माझे, शंभर हात द्या, शेठचा हात मी बराबर काढून दावतो. ती करंगळी हाय ना, गळासारखी अडकती.”

सहा-सात वर्षांपूर्वी शेठची बायको लेकीच्या बाळंतपणासाठी बंगळूरला गेली आणि म्हातारीला एकटं कुठं ठेवायचं म्हणून शेठ आईला सोबत घेऊन आले. त्या म्हणजे अम्मा. ऐंशीच्या पुढच्या, अंगानं चिमणीएवढ्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या. पहिल्या दिवशी जिना चढून वर गेल्या, खोलीत हुंगून बघितलं आणि हसून हिंदीत म्हणाल्या, “एवढा लांबचा प्रवास केला आणि वास तर घरचाच आहे!” मला बाई आवडली. त्यानंतर दर हंगामाला त्या यायला लागल्या आणि ‘अहो अम्मा’चं ‘ए अम्मा’ कधी झालं ते कळलं नाही.

तिचं हिंदी माझ्याहून बरं होतं. इतकं बरं कसं, असं मला वाटायचं, पण विचारायचं राहून जायचं. (ते मी इथं मराठीतच लिहिते आहे. आम्हा दोघींचं हिंदी जसंच्या तसं लिहिलं तर वाचणारा पळून जाईल.) दुपारी शेठ आणि हे बाजारात गेले की ती खाली यायची आणि माझ्यासोबत डाळ निवडायला बसायची. तिथं माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. लांब, निमुळती बोटं, नखं नीट. माझे हात बघा आणि तिचे बघा. मला जरा चीडच आली.

“अम्मा, हाताला काय लावतेस गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “पण हे हात सिनेमात आहेत.”

मी म्हटलं, झालं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण डाळ निवडता निवडता तिनं जे सांगायला घेतलं ते पुढचे कितीतरी दिवस पुरलं.

तरुणपणी अम्मा मद्रासच्या एका स्टुडिओत नटीचे केस बांधणाऱ्या बाईच्या हाताखाली होती. गजरा माळायचा, पिना सांभाळायच्या, दोन शॉटच्या मधे विस्कटलेली बट जागेवर आणायची. त्या स्टुडिओत हिंदी सिनेमेही निघायचे, तिचं हिंदी तिथलं. आणि तिथंच सिलोनचे सिनेमेही निघायचे, सिंहली भाषेतले. सिलोन म्हणजे आताची श्रीलंका. तिकडं तेव्हा धड स्टुडिओ नव्हते, म्हणून नट-नट्या मद्रासेला यायच्या.

“भाषा तेवढी त्यांची. बाकी सगळं आमचं,” अम्मा म्हणाली. कॅमेरा चालवणारा तमिळ, आवाज धरणारा तमिळ, पेटी घेऊन चाली लावणारा तमिळ. नाच बसवणारा, कापडावर नारळाची झाडं रंगवणारा, फिल्म कापून जोडणारा, सगळे तमिळ. पुष्कळदा पैसा घालणारा शेठसुद्धा तिकडं पेढी असलेला तमिळच. सकाळी ज्या घरात तमिळ सिनेमातली सून रडायची, त्याच घरात दुपारनंतर सिंहली सून रडायची. मधल्या वेळात भिंतीवरचे देव तेवढे उतरवून ठेवायचे आणि बुद्धाची तसबीर लावायची. “आमच्यातल्या एकालाही बोलणं कळायचं नाही,” अम्मा सांगायची, “पण कुठं रडू यायला पाहिजे आणि कुठं हसू, ते सगळ्यांना कळायचं. आवाज धरणारा तर कानाला यंत्र लावून डोळे पुसायचा. विचारलं की म्हणायचा, काय म्हणतेय कुणास ठाऊक, पण खरं म्हणतेय.”

मला भारी राग आला. दुसऱ्यांच्या भाषेचे सिनेमे उभे करायला एवढी माणसं राबली आणि आम्हाला इकडं त्याचा पत्ता नाही. लंका म्हटलं की मला तोवर रावण तेवढा आठवायचा. मी अम्माला विचारलं, “आणि नाव? पडद्यावर तुमची नावं यायची का?”

“मोठ्यांची यायची. केस बांधणारीचं कोण लिहितंय? मला नाव नको. मला त्यातलं एक लग्न पाहिजे.”

ते लग्न असं होतं. सिंहली रीतीत नवरा-नवरीला सजवलेल्या चौथऱ्यावर उभं करतात. मुलीचा मामा दोघांच्या उजव्या हातांच्या करंगळ्या दोऱ्यानं एकत्र बांधतो आणि वरून पाण्याची धार सोडतो. सिनेमात तसा प्रसंग होता. शूटिंग संपलं, नट-नट्या विमानात बसून सिलोनला गेल्या, आणि मग फिल्म जोडणाऱ्याच्या लक्षात आलं की करंगळ्या बांधतानाचं जवळून काही घेतलेलंच नाही. दिग्दर्शक सिलोनचा होता, तो मागं राहिला होता. तो म्हणाला, चेहरे दिसणार नाहीत, हात कुणाचेही चालतील.

नवरीचे हात अम्माचे ठरले. बोटं तेव्हाही तशीच. नवरदेवाच्या कोटाची बाही ज्याला बसली तो होता दिवे लावणारा एक तरुण. आता गंमत अशी की हा तरुण आणि अम्मा वर्षभर एकमेकांकडं बघत होते, आणि हे दिग्दर्शक सोडून साऱ्या स्टुडिओला माहीत होतं. तो ख्रिस्ती, ही हिंदू. दोन्ही घरांत नुसतं नाव काढलं तरी आग लागली असती.

सेट लावणारा एक म्हातारा होता. दोरा आणायचं काम त्याचं. दिग्दर्शक म्हणाला, पांढरा आण. म्हातारा म्हणाला, लग्नाला कोरा पांढरा दोरा? जमणार नाही. सरळ कँटीनच्या स्वयंपाकघरात गेला, दोरा हळदीत बुचकळला आणि ठिबकता पिवळा दोरा घेऊन आला. दिग्दर्शक चिडला. कॅमेरावाल्यानं त्याची समजूत काढली की सिनेमा काळा-पांढरा आहे, पिवळं कुणाला दिसतंय?

इथं मला म्हाताऱ्याची बाजू एकदम पटली. आमच्याकडंही नवरा-नवरीच्या मनगटाला हळकुंड बांधतात. हळद नाही तर लग्न कसलं?

मामाचं काम करणारा नटही सिलोनला गेलेला. त्याचा कोट म्हाताऱ्याच्याच अंगावर चढवला. त्यानं फक्त दोरा गुंडाळायचा होता. पण तमिळ लग्नात मंगळसूत्र म्हणजे मुळात हळदीचा दोरा, आणि तो बांधताना तीन गाठी मारतात. म्हाताऱ्यानं दोन करंगळ्या एकत्र धरल्या, दोरा गुंडाळला आणि सावकाश तीन गाठी मारल्या. दिग्दर्शक ओरडला की आमच्यात अशा गाठी नसतात. पण फिल्म महाग, हाताशी तेवढाच तुकडा उरलेला. राहू दे म्हणाला. म्हाताऱ्याचा हात सवयीनं चालला की त्यानं मुद्दाम केलं, हे अम्माला आजवर ठरवता आलेलं नाही. दिवे विझल्यावर त्यानं दोरा कापला नाही, बोटांवरून तसाच अलगद काढून अम्माच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “जा, आता दोघं एका घरी जा.”

आणि ती गेली. देऊळ नाही, चर्च नाही, कचेरी नाही, फोटो नाही. तो दोरा पुढं कधीतरी ओंजळभर पाण्यासारखा हातातून गेला, तिलाही कळलं नाही. मुलगा झाला. तो रांगत होता तेव्हा सेटवरच्या उंच फळीवरून त्या तरुणाचा पाय सुटला आणि तो जागीच गेला. त्याचा एकही फोटो नव्हता. जन्मभर तो दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडत राहिला.

अम्मा लेकराला घेऊन ईरोडला भावाकडं आली. भावानं ठेवून घेतलं, पण भावकीनं पाठ सोडली नाही. लग्न कुठं झालं? लावलं कुणी? फोटो दाखव. अम्मा सांगायची, सिनेमात झालं. लोक पोट धरून हसायचे. सिनेमा कोणता हेही तिला सांगता यायचं नाही, कारण स्टुडिओत त्याला सगळे नुसतं ‘सिलोन पडम’ म्हणायचे, म्हणजे सिलोनचा सिनेमा. तो मद्रासेत कधी लागलाच नाही. शेठ ह्या हसण्यात मोठे झाले.

मी विचारलं, “म्हणून तुला तो बघायचाय?”

“मला काय बघायचं? मी होते की तिथं,” अम्मा म्हणाली. “त्याला दाखवायचाय.”

माझा स्वभाव असा आहे की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मी गप बसत नाही. रात्री जेवताना मी शेठना सरळ विचारलं की अम्माचा तो सिनेमा शोधू या का. शेठचा घास हातात राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी वर मान करून उत्तर दिलं नव्हतं.

“वहिनी, ते उकरू नका,” ते म्हणाले. “शाळेत पोरं मला सिनेमाचं लेकरू म्हणायची. लई ऐकलं. आता पुरे.” आणि ताटावरून उठले.

ह्यांनी माझी खरडपट्टी काढली. “काहून त्या माणसाला तकलीफ देऊन राहिली तू? पाहुणा हाय आपला. हळदीचा भाव बघायचा सोडून ही सिलोनचं लग्न बघून राहिली!”

मी म्हटलं, “मला कुणी रागावलं की मी ते काम आधी करते, तुम्हाला माहीत हाय.” आणि दुसऱ्या दिवसापासून शोधायला लागले.

मोबाइलवर जुने सिंहली सिनेमे ढिगानं सापडतात. दुपारी मी आणि अम्मा बसून बघायचो. भाषा कळत नव्हती तरी अम्मा मधेच ओरडायची, “ही विहीर आमच्या सेटवरची! हिला तळच नाही!” एका सिनेमात बैलगाडी बघून तिला गाडीवाल्याचं नावगाव सगळं आठवलं. एका गाण्याची चाल ऐकून ती त्याचेच तमिळ शब्द गुणगुणायला लागली. चाल एकच, इकडं देवाचं, तिकडं प्रेमाचं. पण आमचं लग्न काही सापडेना. शेवटी मी प्रत्येक जुन्या सिनेमाखाली एक प्रश्न लिहायला सुरुवात केली. मराठीत बोलायचं, मोबाइल त्याचं इंग्रजी करून देतो. “ज्या सिनेमातल्या लग्नात करंगळ्या बांधताना दोऱ्याला तीन गाठी मारल्या आहेत, तो कुणी पाहिला आहे का?” एकानं हसण्याची चित्रं पाठवली. एकानं मंगल कार्यालयाची जाहिरात चिकटवली. तो हंगाम तसाच गेला. पुढच्या हंगामात मी पुन्हा तेच लिहीत बसले.

आणि गेल्या उन्हाळ्यात उत्तर आलं. कोलंबोजवळच्या एका गावातले निवृत्त पोस्टमास्तर, सिंहली माणूस. त्यांनी लिहिलं होतं की त्या गाठींवरून त्यांच्या आईचं आणि मावशीचं थिएटरातच वाजलं होतं. आई म्हणत होती, ही कुठली रीत, आपल्यात अशा तीन गाठी नसतात. मावशी म्हणत होती, सिनेमावाल्यांनी काढली असेल एखाद्या गावाकडची. घरी येईपर्यंत दोघी बोलत नव्हत्या. पोस्टमास्तर तेव्हा शाळेत होते, पण ते भांडण त्यांच्या ध्यानात राहिलं.

मी त्यांना सगळी हकिकत कळवली. त्या गाठी कुणी मारल्या, का मारल्या, दोरा पिवळा होता, सगळं. दोन दिवस काही उत्तर नाही. मला वाटलं, आता हाही हसणार. मग त्यांचं लांबलचक उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्यांच्या सिनेमाला तमिळ माणसांनी बोट धरून चालायला शिकवलं, आणि पुढं तमिळांविरुद्धच्या दंगलीत त्यांच्याच सिंहली लोकांनी तमिळांची थिएटरं जाळली, स्टुडिओ जाळला, आत ठेवलेल्या फिल्मा जाळल्या. त्यात आमच्याच भाषेतले सिनेमे जळाले, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्याची लाज वाटते, असंही. ह्या सिनेमाची फिल्म कुठंच उरलेली नाही. मात्र फार पूर्वी तो एकदा टीव्हीवर लागला होता तेव्हा त्यांनी थोडासा भाग टेपवर उतरवून घेतला होता. टेपला बुरशी आहे. शहरात एक जण अशा टेपा साफ करून देतो, त्याच्याकडं नेतो. लग्न त्यात आहे की नाही, आठवत नाही.

मी हे अम्माला वाचून दाखवलं. उठून तिनं निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली. तिला रडू येत होतं आणि मलाही येत होतं.

मग वाट बघणं आलं. हंगाम सरत आला. माल कमी व्हायला लागला, मोंढ्यातली गर्दी विरळ झाली. अशात शेठनी सांगितलं की पुढच्या वर्षीपासून अम्मा येणार नाही. गुडघे गेलेत, प्रवास झेपत नाही, ती आता बंगळूरला नातीकडं राहील. बरोबरच होतं ते. पण अम्माचं तोंड उतरलं. मला म्हणाली, “बंगळूरला मला कोण असं शोधून देणार? आणि तिथं त्याला दाखवायला तो तरी कुठं असणार?” मी पोस्टमास्तरांना रोज निरोप पाठवायला लागले. ते बिचारे रोज उत्तर द्यायचे की प्रयत्न चालू आहे.

शेठ आणि अम्मा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी टेपमधला तुकडा मोबाइलवर आला. सोबत एकच ओळ होती: आहे.

मी तो उघडला नाही. अम्मालाही सांगितलं नाही. दुपारी आमरसाचं जेवण केलं, शेठना खाली बोलावलं. ह्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, “तो उठून जाईल, बघ.” मी म्हटलं, जाऊ द्या. जेवणं झाली. अम्मा खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसली. शेठ आणि हे सोफ्यावर. मी दाराला कडी लावली आणि मोबाइल टीव्हीला जोडला.

“वहिनी,” शेठ म्हणाले. त्यांना कळलं होतं.

“पाच मिनिटं बसा,” मी म्हटलं. “मग मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन.”

ते बसले. अम्माकडं बघून बसले असावेत.

चित्र खराब होतं. वरून खाली पांढऱ्या रेघा, कडेला बुरशीचे डाग. एक बासरी वाजत होती, मागं बायकांचा आवाज. सजवलेला चौथरा, त्यावर उभी असलेली देखणी नटी, फुग्याच्या बाह्या, शेजारी नट. अम्मा पुटपुटली, “तिचा अंबाडा मी बांधलाय.” मग चित्र बदललं आणि पडदाभर दोन हात आले.

एक हात निमुळत्या बोटांचा. मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी तो रोज डाळीत बघत होते. दुसरा हात पुरुषाचा, कोटाच्या बाहीतून आलेला, सावळा. तिसरे म्हातारे हात दोरा गुंडाळत होते. दोरा राखाडी दिसत होता. एक गाठ. दुसरी गाठ. तिथं चित्र हललं, मला वाटलं संपलं, पण पुन्हा आलं आणि तिसरी गाठ बसली. वरून पाणी पडलं. निमुळती बोटं थरथरली आणि त्या पुरुषाच्या करंगळीनं तिची करंगळी धरून ठेवली. मग पुन्हा नटीचा हसरा चेहरा आला आणि टेप संपली.

इतक्यात हे, जे एवढा वेळ सुपारी कातरत बसले होते, पुढं सरकून बसले.

“मागं घे गं जरा,” हे म्हणाले. “हाताजवळ थांबव.”

मी थांबवलं.

“शेठ,” हे म्हणाले, “ही करंगळी तर माझ्या वळखीची हाय.”

मी टीव्हीकडं बघितलं. पुरुषाच्या हाताची करंगळी आतल्या बाजूला वळलेली होती. मघाशी गाठी मोजण्याच्या नादात मला ती दिसलीच नव्हती. ह्यांना दिसली. हे काही चेष्टेनं बोलत नव्हते. मोंढ्यात मालाची पारख सांगताना बोलतात तसं सरळ बोलले, “वर्सानुवर्सं रुमालाखाली धरली म्या ही. डोळे झाकून सांगतो. हीच हाय.”

शेठनी आपला उजवा हात उघडून समोर धरला. टीव्हीकडं बघितलं. पुन्हा हाताकडं बघितलं.

“पोरं चिडवायची ना बोटावरून,” ते म्हणाले, कुणाला म्हणाले कोण जाणे. “तवा ही म्हणायची, बापावर गेली तुझी करंगळी. मला वाटायचं समजूत काढते. फोटो न्हाई, काही न्हाई. म्हणलं, उगी म्हणते.”

अम्मा त्यांना तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. मला त्यातलं एवढंच कळलं, तीन. ती तीन बोटं वर करून दाखवत होती.

शेठ सोफ्यावरून उतरून तिच्याजवळ सतरंजीवर बसले. साठ वर्षांचा माणूस, आमच्यासमोर आईचा हात धरायचा म्हणजे अवघडला असेल. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, हंगामभराच्या हळदीनं पिवळा झालेला, तो अम्माच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याच्या खाली घातला. पंचा जरा हलला, मग हलायचा थांबला. टीव्हीवर ते दोन हात तसेच थांबलेले होते.

मी बघत राहिले. ह्यांनी मात्र मान वळवून दाराकडं केली होती. माझ्या दंडाला हळूच कोपर लागलं.

“तिकडं बघ,” हे दबक्या आवाजात म्हणाले. “सौदा चालू हाय.”